वाळवंट, नग एकतीस

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळचे साडेनऊ वाजत आले असताना, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी मिनीट्रक येऊन अडकला. पुढे जायला वाट नाही आणि मागे स्कूटरींची रांग. ट्रकमधून एक धिप्पाड माणूस उतरला. हातातला कागद त्याने उन्हात धरून वाचला आणि शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"नरहरी बाबूजी कौन हैं? उनका रेगिस्तान आया है!"

नरहरीपंत तेव्हा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर आणखी वर धरला. जन्मभर त्यांना वाटत आलं होतं की एक दिवस कुणीतरी चारचौघांत आपलं नाव मोठ्याने घेईल आणि आपली काहीतरी चूक सांगेल. तो दिवस एवढ्या उशिरा, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि असा ट्रकमध्ये बसून येईल, हे मात्र त्यांनी धरलं नव्हतं.

"अहो," आतून शारदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, "काय मागवलं तुमी?"

"मी कुठं काय मागवलं?"

"मंग तो काहून तुमच्या नावानं बोंबलून राहिला?"

तोवर तो माणूस ओट्यापाशी पोचला होता. त्याचं नाव धर्मपाल. भनपुरीला त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता आणि सरकारी माल पुरवण्याचं कामही तो करी. त्याने वाकून नमस्कार केला आणि चलान पुढे केलं. कागदावर सगळ्यात वर छापलं होतं: वाळवंट, नग एकतीस. खाली यादी. पहिली ओळ: वाळूची टेकडी, नग एक. सहावी: सौंदड, नग एक. पंधरावी: वावटळ, नग एक. सतरावी: मृगजळ, नग एक.

नरहरीपंतांचे कान गरम झाले. यादी त्यांचीच होती.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. तसं काही नव्हतं. नरहरीपंतांनी अडतीस वर्षं रेल्वेच्या मालगोदामात कारकुनी केली होती. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी राजस्थानकडून फरशीची वॅगन आली. माल उतरवून झाल्यावर वॅगनच्या कोपऱ्यात मूठभर वाळू राहिली होती, पिठासारखी बारीक. अमरावतीकडच्या काळ्या मातीत वाढलेल्या आणि पुढे या धानाच्या मुलखात येऊन पडलेल्या माणसाने अशी वाळू कधी पाहिली नव्हती. त्यांनी ती पाकिटात भरून घेतली आणि त्या रात्रीपासून एक वही सुरू केली. वाळवंटाला, तिथल्या हवेला, तिथल्या झाडाझुडपांना आपल्या भाषेत कोणते शब्द आहेत, ते लिहून ठेवायचे. कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. सुदैवाने कुणी विचारलं नाही.

वहीत शब्द, त्याचा अर्थ, आणि शेवटी दोन रकाने. एक 'सांगणार', दुसरा 'पाहणार'. सांगणाराच्या रकान्यात नावं भरत गेली: गार्ड, उंटवाले, आयुर्वेदाचे वैद्य, जैसलमेरला नोकरी केलेला एक पोस्टमास्तर. पाहणाराचा रकाना पन्नास वर्षं कोरा होता. नरहरीपंत रायपूरच्या पश्चिमेला नागपूर-अमरावतीपलीकडे कधी गेलेच नव्हते. दोनदा तिकीट काढलं होतं. एकदा शारदाबाईंची आई आजारी पडली. दुसऱ्यांदा कुणीच आजारी पडलं नाही, पण नरहरीपंतांना वाटलं, आपण तिथं जाऊन उभे राहिलो आणि वाळवंट आपल्या वहीसारखं नसलंच तर?

गेल्या वर्षी नवा रायपूरला एक उद्यान उभं राहत असल्याची बातमी आली. त्यात राज्यात राहणाऱ्या प्रत्येक भाषेचे शब्द पाट्यांवर लिहिले जाणार होते. जंगल गोंडीला गेलं, भात छत्तीसगढीला, समुद्र तेलुगूला. मराठीचा अर्ज उशिरा पोचला, तेव्हा फक्त वाळवंट उरलं होतं. मराठी मंडळातले लोक चिडले. नरहरीपंतांच्या मुलाने, नीलेशने, मात्र घरी येऊन सांगितलं, "बाबा, आपकी तो लॉटरी लग गई."

नीलेश नवा रायपूरलाच एका ऑफिसात होता. मराठी त्याला सगळी समजायची, पण उत्तर मात्र हिंदीत यायचं.

यादीचं काम मंडळाने नरहरीपंतांवर सोपवलं आणि त्यांनी आठ दिवस निवड केली. वहीतल्या तीनशेवर शब्दांतून एकतीस काढले. मग ते कोऱ्या कागदावर उतरवायला बसले, आणि इथं ती गोष्ट घडली जी दुसऱ्या कुणाच्या हातून घडली नसती. अडतीस वर्षं ज्या हाताने मालाच्या मागणीचे तक्ते आखले, त्या हाताला दुसऱ्या रेघा ठाऊकच नव्हत्या. पट्टी ठेवली आणि हाताने आपोआप पाच रकाने आखले: अनुक्रमांक, बाब, वर्णन, परिमाण, संख्या. रकाने आखल्यावर ते रिकामे सोडणं नरहरीपंतांच्याने होईना. परिमाणाखाली त्यांनी लिहिलं 'नग'. संख्येखाली 'एक', कारण प्रत्येक शब्द एकदाच आला होता. खाली उजव्या कोपऱ्यात, माल जिथे उतरवायचा तिथला पत्ता लिहितात त्या चौकटीत, आपलं नाव आणि ब्राह्मणपाऱ्याचा पत्ता. वही संलग्नक म्हणून जोडली. मूळ वहीच. झेरॉक्स फिकट येते म्हणून.

उद्यानाच्या ऑफिसाने यादी पाहिली आणि ती बरोबर मागणीच्या फाइलीत लावली. पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं.

"बाबूजी, उतारूँ?" धर्मपालने विचारलं.

नरहरीपंत म्हणाले, "भाई, ये तो शब्द हैं. सिर्फ शब्द."

धर्मपालने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "शब्द के लिए मैं ट्रक लाऊँगा?"

मग उतरलं. आधी टेकडी. महानदीची रेती दहा-बारा पोती ओतून दोन मजुरांनी फावड्याने तिला वर टोक काढलं आणि हाताने एका बाजूला उतार दिला, कारण वर्णनात 'एका अंगाने उतरती' असं होतं. मग कुंड्या: निवडुंग, घायपात, रुई, हिवराचं रोपटं, सौंदडाचं रोपटं. नेपतीचं झुडूप धर्मपालने कुठूनसं खरंखुरं मिळवलं होतं आणि ते ट्रकच्या केबिनमध्ये स्वतःच्या शेजारी बसवून आणलं होतं. मग 'बरड', म्हणजे खडे-मुरमाची नापीक जमीन, लोखंडी घमेल्यात. मग कोरड्या नदीचं पात्र. ते नऊ फुटांचं होतं. भेगाळलेल्या गाळाच्या खपल्या खडूने नंबर घालून आणल्या होत्या आणि मजूर त्या ओट्याखाली एकेक जुळवत होते.

"चौदा के बाद सोलह मत लगा!" धर्मपाल ओरडला. "नदी उल्टी बह जाएगी!"

शारदाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी रेती चिमटीत घेऊन पाहिली. "बारीक हाय," त्या म्हणाल्या. "शेंगदाणे भाजाले चांगली." आणि एक परात भरून आत गेल्या.

"अगं, तो माल आहे," नरहरीपंत कळवळले. "टेकडी उणी पडली तर मी सही कशावर करू?"

"परातभर रेतीनं टेकडीचं काय होते? उद्या वारा आला तं आपसूकच हलते ना टेकडी? तुमच्याच वहीत हाय."

वहीत तसं होतं खरं. शारदाबाईंना ते कसं ठाऊक, हा प्रश्न त्यांना त्या गडबडीत पडला नाही.

धर्मपाल पुढच्या बाबींवर आला. वावटळीसाठी त्याने भनपुरीच्या एका कारखान्यातला मोठा पंखा आणि पोतंभर लाकडाचा भुसा आणला होता. पंखा लागला आणि समोरच्या साहूंच्या दोरीवरची तीन धोतरं गोल फिरत देवळाच्या कळसाकडे गेली. नरहरीपंतांनी पंधराव्या ओळीपुढे खूण केली. 'झळ' ही सोळावी बाब. धर्मपालने ट्रकचं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मुँह इधर लाइए." नरहरीपंतांनी तोंड नेलं आणि लगेच मागे घेतलं. खूण केली. 'शुकशुकाट' ही बाविसावी. ती अवघड होती. देवळात आरती, गल्लीत हॉर्न, तीन घरांत कुकर. धर्मपाल ओट्यावर मांडी घालून बसला आणि वाट पाहू लागला. दुपारी अडीच वाजता वीज गेली. सगळ्या गल्लीतले कूलर एकदम बंद पडले, माणसं आत निपचित झाली, कुत्रंही ट्रकखाली शिरलं.

"लो बाबूजी," धर्मपाल कुजबुजला. "जल्दी लिखो. लाइन आ जाएगी."

नरहरीपंतांनी लिहिलं. लिहिताना त्यांना आतून जे वाटलं, ते कुणाला सांगायची त्यांना लाज वाटली असती. त्यांना आनंद झाला होता.

संध्याकाळपर्यंत एकोणतीस बाबींवर खुणा झाल्या. दोन राहिल्या. सतरावी, मृगजळ. आणि एकतिसावी, ठाणसावली.

"सतरा नंबर में थोड़ा टाइम दीजिए," धर्मपाल म्हणाला. "और इकतीस का मतलब मैं ठीक से पढ़वा लूँगा. टेंशन नहीं लेना. बीस साल में धर्मपाल ने 'माल नहीं है' नहीं बोला."

त्या रात्री नरहरीपंतांना जेवण गेलं नाही. कारण एकतिसावी बाब त्यांनी स्वतः केलेली होती. असा शब्द कुणी कधी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांना वाटलं होतं: वाळूत वाटेवरचं एकुलतं झाड मरून गेलं, तरी वाटसरू जुन्या सवयीनं त्याच जागी थांबत असतील. त्या जागेला काहीतरी म्हणत असतील. त्यांनी तिघांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी स्वतःच लिहून टाकलं: ठाणसावली. शाईने. आणि तेव्हापासून त्या पानाची त्यांना चोरी वाटे. तरी एकतीस निवडताना हात त्या पानावर थांबला होता. पाटीवर हाच शब्द सगळ्यात छान दिसेल, असं त्यांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नीलेशने त्यांना नवा रायपूरला नेलं. तिथं या फाइली पाहणाऱ्या बाई कुमुद नावाच्या, मूळच्या नागपूरच्या, तिशीच्या, डोळ्यांखाली काळं आलेल्या. मराठी माणूस पाहून त्यांना बरं वाटलं.

"बसा काका. पाणी घ्या. माल मिळाला ना?"

"बाई, तो माल नव्हता. शब्द होते. पाट्यांवर लिहायला."

"हो का?" कुमुदने फाइल उघडली, मान वाकडी करून रकाने पाहिले. "पण काका, शब्द मागवायचा फॉर्मच नाही आमच्याकडे. वस्तूंचा आहे. अन तुमी एवढा सुंदर भरला. इतका सुबक तक्ता तं मी इथं आल्यापासून पाहिला नाही."

नरहरीपंत लाजले. मग लाजल्याबद्दल त्यांना वाईट वाटलं.

"माझी वही तेवढी परत द्या," ते म्हणाले. "बाकी काही नको."

वही समोरच होती. लाखेच्या सीलबंद पिशवीत, फाइलीला सुतळीने बांधलेली.

"फाइल बंद झाली की लगेच देते. संलग्नक आधी सोडता येत नाही."

"मोबाइल से फोटो ले लें?" नीलेशने विचारलं.

"सील आहे ना. सील तोडलं तं फाइल पुन्हा पहिल्यापासून." कुमुदने आवाज खाली आणला. "ऐका काका. एकतीसच्या एकतीस मिळाले अशी सही करून टाका. दहा जूननंतर वाळवंटाची प्रत्यक्ष पडताळणी करता येत नाही, पावसाळा धरतात. अन जूनअखेर ज्या फायली उघड्या राहतात, त्या संलग्नकांसकट लगद्याला जातात. कारखान्याची गाडी येते. मी काही नाही करू शकत."

"लगदा?"

"पुठ्ठा करतात त्याचा."

नरहरीपंतांनी पिशवीकडे पाहिलं. पन्नास वर्षं. पुठ्ठा.

"पण मृगजळ आलेलं नाही," ते म्हणाले.

"अहो काका, मृगजळ आलं का म्हणून कोण पाहाले येणार आहे?"

"आणि एकतिसावी बाब... ती... समजा, ती नसेलच. म्हणजे अशी वस्तूच नसेल. तर ती गाळता येते का?"

"येते. तुमी लिहून द्यायचं की बाब खोटी नोंदवली. पण मंग पूर्ण यादी तज्ज्ञांच्या समितीकडे जाते, वहीसकट."

"समिती कधी बसते?"

"अजून नेमली नाही."

परतीच्या वाटेवर नीलेश म्हणाला, "बाबा, साइन कर दो ना. किसका क्या जाता है?"

कुणाचं काही जात नव्हतं हे खरंच होतं. नरहरीपंत पंचवीस वर्षांचे असताना गोदामातल्या साहेबाने घाईत सांगितलं म्हणून त्यांनी चाळीस पोत्यांवर सही केली होती. नंतर मोजली तर एकोणचाळीस भरली. कुणी विचारलं नाही, कुणाला कळलं नाही, कुणाची नोकरी गेली नाही. पण त्यानंतर पस्तीस वर्षं त्यांनी न पाहिलेल्या मालावर सही केली नाही. गोदामात त्यांना 'गिनती बाबू' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

महिनाभर त्यांनी सही केली नाही आणि नकारही लिहून दिला नाही. वाळवंट ओट्याखाली पडून राहिलं. टेकडी रोज परातीपरातीने कमी होत गेली, कारण गल्लीतल्या सगळ्या बायका आता तिच्या रेतीत शेंगदाणे आणि लाह्या भाजत होत्या. साहूंचा नातू कोरड्या नदीच्या खपल्यांवरून लंगडी घालत गल्लीच्या तोंडापर्यंत जाई.

जूनच्या सात तारखेला, दुपारी, नरहरीपंत कॉटवर छताकडे बघत पडले होते. शारदाबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

"शारदा," ते म्हणाले, "मी आयुष्यभर खोट्याच सह्या केल्या."

"आता अजून काय झालं?"

"वाळवंट पाहिलं नाही, वावटळ पाहिली नाही, नेपती त्या धर्मपालनं आणली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आणि तीनशे शब्द लिहून बसलो. न आलेल्या मालाच्या पावत्या आहेत त्या. मग एका मृगजळाला काहून अडून बसलो मी?"

शारदाबाईंनी एक खडा काढून खिडकीतून टाकला. "एकतिसाव्याले अडून बसले तुमी. मृगजळाले नाही."

नरहरीपंत उठून बसले.

"थो शब्द तुमचाच हाय ना? ठाणसावली?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगते? बाकी सगळ्यांच्या पुढं सांगनाराचं नाव हाय. त्याच्या पुढंच नाही. मी तं बावीस वर्षांपासून वाट पाहून राहिली, कवा लिहिता म्हणून."

"तू वही वाचायचीस?"

"मंग? तुमी हपिसात गेल्यावर मी काय भिंतीकडं पाहात बसू?"

आपल्या वहीला एक वाचक होता, आणि तोही बावीस वर्षं घरातच. नरहरीपंतांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना आधी वाटलं ते हे, की शुद्धलेखनाच्या चुका तिने पाहिल्या असतील.

"चांगला हाय शब्द," शारदाबाई म्हणाल्या. "पण खोटा असंल तं खोटा म्हणून लिहून द्या बाप्पा. वही गेली तं जाऊ द्या. मले अर्धी पाठ हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरीपंत कागद घेऊन बसले. 'बाब क्रमांक एकतीस खोटी नोंदवली गेली' एवढं लिहून झालं होतं, इतक्यात दाराशी धर्मपालची मोटारसायकल थांबली.

"बाबूजी, चलिए. दोनों नग तैयार हैं."

"दोन्ही?"

"सतरा और इकतीस. उठा के लाने लायक माल नहीं है. आपको साइट पे चलना पड़ेगा. बारह से दो के बीच की डिलिवरी है."

नरहरीपंतांनी टोपी घातली, वर शारदाबाईंनी ओला पंचा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला, आणि ते मागच्या सीटवर बसले. अर्धा लिहिलेला कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

भनपुरीच्या अलीकडे रस्ता सरळ, रुंद आणि काळाभोर होतो. दुतर्फा ट्रक. बारा वाजून वीस मिनिटांनी धर्मपालने गाडी बाजूला घेतली आणि पुढे बोट केलं.

"वो रहा आपका सतरा नंबर."

रस्त्यावर पाणी होतं. थरथरणारं, चमकणारं, ट्रकांची चाकं त्यात घोट्यापर्यंत बुडालेली. नरहरीपंत या रस्त्याने शंभरदा गेले असतील. पण तेव्हा ते बसमध्ये खाली मान घालून पुस्तक वाचत असत. ते उतरले आणि पाण्याकडे चालू लागले. पाणी मागे सरलं. ते आणखी चालले. पाणी आणखी सरलं.

"बाबूजी, हाथ नहीं लगेगा!" धर्मपाल मागून ओरडला. "ये माल ऐसा ही आता है!"

"पण तीन दिसतात," नरहरीपंत म्हणाले. "एक ते, एक पेट्रोलपंपापाशी, आणि एक वळणावर."

"एक गिन लो. बाकी एक्स्ट्रा."

नरहरीपंतांनी चलान मोटारसायकलच्या सीटवर ठेवून सतराव्या ओळीपुढे खूण केली. कागदावर घामाचा थेंब पडला.

तिथून आत, ट्रक उभे राहतात त्या मैदानाच्या कडेला, धर्मपालने गाडी थांबवली. उघडं मैदान. ना भिंत, ना छप्पर, ना झाड. माथ्यावर ऊन. आणि त्या उन्हाच्या बरोबर मधे आठ-दहा हमाल, बाया आणि बाप्ये, गोल करून बसले होते. कुणी भाकरी खात होतं, कुणी तंबाखू मळत होतं, एक जण पटका तोंडावर टाकून झोपला होता. गोलाच्या मधोमध हातभर जागा मोकळी होती. तिथं कुणीच बसलं नव्हतं.

"यहाँ इमली थी," धर्मपाल म्हणाला. "बड़ी वाली. चार साल पहले रोड चौड़ा हुआ, कट गई. मैंने आपका मतलब पढ़वाया तो बोला, ये तो अपने पास है. रोज देखता हूँ."

खिशातला कागद नरहरीपंतांना बोचला.

"इन्हें तूने बिठाया है?" त्यांनी विचारलं.

"माँ कसम, नहीं. पूछ लो. और अभी रुको. एक बजने दो."

एक वाजला. आणि कुणी काही न बोलता, तंबाखू मळणारा मळता मळता, भाकरी खाणारी भाकरी हातात घेऊन, सगळी माणसं उठली आणि दोन हात पूर्वेला सरकून पुन्हा बसली. झोपलेल्याला कुणीतरी पायाने हलवलं, तो झोपेतच सरपटत सरकला.

"सावली सरकली," नरहरीपंत पुटपुटले.

चिंच असती तर तिची सावली आता तिथेच गेली असती.

ते पुढे गेले. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईपाशी वाकले. तिचं नाव मीराबाई, हे नंतर कळलं.

"बाई, इथं का बसता? एवढ्या धूप में?"

मीराबाईने वर पाहिलं. तिला प्रश्नच कळला नाही. "धूप कहाँ हे बाबू? छइहां म बइठे हन." सावलीत बसलोय, म्हणाली. मग जरा सरकली आणि शेजारची जमीन हाताने झाडली. "आ, तहूँ बइठ."

नरहरीपंत बसले. उन्हाने डोकं तापलं होतं. बसल्यावर थोडं गार वाटलं. मग वाटलं, तसं वाटलं नसावं, ओल्या पंचामुळे असेल. त्यांनी पंचा काढून पाहिला. पंचा केव्हाच वाळला होता.

"क्या कहते हैं इस जगह को?" त्यांनी विचारलं.

"का कहिबो? इमली खाल्हे." चिंचेखाली.

धर्मपाल दूर, खऱ्याखुऱ्या ट्रकच्या खऱ्या सावलीत उभा होता. "बाबूजी," तो म्हणाला, "माल पसंद है कि नहीं?"

नरहरीपंतांनी खिशातला कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि ते उडू नयेत म्हणून पुन्हा खिशात ठेवले. मग गुडघ्यावर चलान ठेवून एकतिसाव्या ओळीपुढे खूण केली आणि खाली सही केली. पूर्ण नाव, तारीख, वेळ.

दहा जूनला फाइल बंद झाली आणि कुमुदने सील तोडून वही त्यांच्या हातात ठेवली. वहीच्या कोपऱ्यात सुतळीसाठी आरपार भोक पाडलेलं होतं, प्रत्येक पानाचं एकेक अक्षर त्यात गेलं होतं. "अन पाट्या?" नरहरीपंतांनी भीतभीत विचारलं. "ते दुसऱ्या विभागाकडं आहे काका. त्यांचा फॉर्म वेगळा," ती म्हणाली. नरहरीपंतांनी फॉर्म मागितला नाही.

संध्याकाळी शारदाबाई कढईत शेंगदाणे भाजत होत्या. उरलेलं वाळवंट एवढंच, कढईपुरतं. नरहरीपंत वही घेऊन चुलीपाशी आले आणि पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. ठाणसावली. सांगणाराच्या रकान्यात नवी शाई होती: मीराबाई, भनपुरी, तिच्या बोलीत, इमली खाल्हे. पाहणाराच्या रकान्यात, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच: नरहरी.

शारदाबाईंनी वाचलं, मान हलवली, झारा फिरवला.

"अन मृगजळाच्या पुढं?"

"तिथंही लिहिलं."

"मंग तोंड असं काहून?"

नरहरीपंत चुलीशेजारी पाटावर बसले. "तीन नग आले होते, शारदा. मी एकच लिहिलं. गोदामात जादा माल आला तर चोवीस तासांत कळवावं लागे. आज तिसरा दिवस आहे. आता त्या दोन जादा नगांचं काय करायचं, मले काही कळून नाही राहिलं."